उघड्या तांब्यातले दूध

मी, विद्याधर महादेव कुंभोजकर, वय एकोणपन्नास, नोकरी श्रीपेरुंबुदूरच्या मोटार कारखान्यात, राहणार पोरूर, चेन्नई, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत, कोणाच्याही दडपणाशिवाय, स्वहस्ते लिहीत आहे. पुढच्या आठवड्यात माझ्या हृदयाची झडप बदलणार आहेत. डॉक्टर म्हणतात, भिऊ नका. भीत नाही. देवाने आजवर जे दिले ते कोणाकडे जावे, एवढे सांगून ठेवतो.

१. पोरूरचा फ्लॅट, भविष्य निर्वाह निधी व बँकेतील ठेवी पत्नी सौ. सुनीती हिला. गावच्या शाळेत शिकलेल्या माणसाबरोबर ती परक्या भाषेच्या शहरात आली आणि माझ्याआधी तमिळ शिकली. तिच्यामुळे हे घर इथे रुजले.

२. गावची माझ्या वाट्याची जमीन धाकटा भाऊ जनकोजी यास. त्याने माझी सायकल मला न विचारता विकली, हे मी विसरलेलो नाही. पण आईला शेवटपर्यंत त्यानेच सांभाळले. त्यापुढे सायकल काहीच नाही.

३. स्कूटर मुलगी कु. ऊर्मी, वय अठरा, हिला. याबाबत घरात वाद आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

तिला लायसन्स मिळाल्यावर मी स्कूटरला एक यंत्र बसवले. ती कुठे आहे, किती वेगात आहे, हे ते माझ्या फोनवर दाखवी. तिला कळले तेव्हा म्हणाली, "अप्पा, देव दिसत नाही तरी त्याच्यावर विश्वास ठेवता. मी तर समोर दिसते." मी यंत्र काढले, पण मन मानेना. लहानपणी डेअरीला जाताना मी दुधाची चरवी सायकलला अडकवून, थेंब न सांडता नेत असे, ते आठवले. मग असे ठरवले की दर सोमवारी अभिषेकाचे दूध तिने कडीच्या उघड्या तांब्यात, स्कूटरच्या हुकाला अडकवून, शिवालयात न्यायचे. दूध सांडले नाही, तर गाडी नीट चालवते असे मी समजणार होतो.

एका सोमवारी ती दुधाने माखून परतली. "ब्रेक लावला," एवढेच म्हणाली. मी चावी काढून घेतली. ती मुकाट्याने बसने कॉलेजला जाऊ लागली.

मग कोपऱ्यावरच्या स्टँडचे रिक्षावाले गुरुमूर्ती भेटले. "सार, पोरगी बसने का जाते?" मी कारण सांगितले. ते म्हणाले, "सार, त्या सोमवारी शाळेसमोर एक पोर आईचा हात सोडून रस्त्यात धावलं. तुमच्या मुलीनं जागच्या जागी गाडी थांबवली. दूध जपत बसली असती तर?"

घरी येऊन ऊर्मीला विचारले, सांगितले का नाहीस? "तुम्ही दूध का सांडलं ते विचारलंत. मधे कोण आलं ते कुठे विचारलंत?"

चावी मी देवापुढे ठेवली आणि तिला तिथून घ्यायला सांगितले. त्या सोमवारचे दूध देवाला पोचले, अशी माझी श्रद्धा आहे.

४. आता सुनीती म्हणते, यंत्र परत बसवा. "तुम्ही नसलात तर ती पोचली की नाही, हे मला कोण सांगणार?" तिची भीती खोटी नाही. ऊर्मी शिकत होती तेव्हा मी मागे बसून टोकत असे, ते योग्यच होते. आता ती शिकली आहे. म्हणून स्कूटर तिला कोणत्याही अटीशिवाय व यंत्राशिवाय देतो. पोचल्यावर आईला कळवावे, ही फक्त विनंती.

५. पितळी तांब्याही ऊर्मीलाच. दूध नेताना झाकण लावावे. झाकण मी आणून ठेवले आहे.

६. गुरुमूर्तींना काही द्यावे असे फार मनात होते. वकील म्हणाले, साक्षीदाराच्या नावे काही ठेवू नका. तेव्हा त्यांना मनापासून नमस्कार.

आज सहीसाठी वकिलांकडे मी स्कूटरवर ऊर्मीच्या मागे बसून आलो. वाटेत एकदाही टोकले नाही. उतरल्याबरोबर, मी काही सांगण्याआधीच, तिने फोन लावला. "आई, पोचलो गं."

सही: वि. म. कुंभोजकर

वरील सही आम्हा दोघांच्या देखत झाली:
१. रा. गुरुमूर्ती, रिक्षाचालक (सही तमिळमध्ये)
२. कौशिक राघवन, शेजारी

स्थळ: चेन्नई
दिनांक: १२ जून २०२५