हीलरची काठी माझ्या पाठीला

शनिवार, ७ जून
आजपासून मोबाईल गेममधल्या आमच्या ग्रुपचा मी लीडर. मागचा ग्रुप एका हेल्मेटवरून फुटला. शिव्या, ब्लॉक, सगळं झालं. माझ्या राज्यात असलं चालणार नाही. गेममध्ये बॉस, म्हणजे सगळ्यात मोठा राक्षस, मेला की त्याची सगळी लूट लीडरच्या पिशवीत येते आणि लीडर वाटतो. मी नियम सांगितला: आमचे अण्णा सांगोल्याकडं गावजत्रेत मटणाचे वाटे घालतात. वाटे घालणारा आपला वाटा शेवटी उचलतो. मीही तसंच करणार. दुधनीचा शिवलिंगप्पा, आमचा टँक, पुढं उभा राहून मार खाणारा, म्हणाला, नियम लई बेस हाय की. करमाळ्याची प्रतिक्षा नर्सिंगला आहे आणि गेममध्येही आमची हीलर, जखमा भरून काढणारी. तिनं टाळ्या पाठवल्या. न्यायबुद्धी रक्तातच असावी लागते.

शनिवार, १४ जून
बॉसकडून चांदीची काठी पडली! हीलरचं हत्यार, हीलिंग दुप्पट. अर्थात प्रतिक्षाचीच. पण नेमकी तिकडं लाईट गेली आणि ती गेममधून बाहेर पडली. काठी माझ्या पिशवीत. पुढच्या शनिवारी सगळ्यांसमक्ष देणार. छोटासा सत्कारच करू.

रविवार, १५ जून, सकाळी
देण्याआधी वस्तू तपासणं हे लीडरचं कामच. गेममध्ये मी तिरंदाज; त्याच्या पाठीला काठी कशी दिसते, तेवढं लावून बघितलं. काय चमकते! लावताना गेमनं काहीतरी विचारलं होतं, मी ओके दाबलं. ऑफिसातही मी वाचत बसत नाही.

त्याच दिवशी, जेवणानंतर
विचारलं होतं ते असं: एकदा लावली की काठी कायमची तुमची, दुसऱ्याला देता येणार नाही. च्यायला! गेमवाल्यांना मेल टाकला. उत्तर आलं, क्षमस्व. प्रतिक्षाला लगेच सांगायचं. म्हणजे शनिवारी. पहिलं वाक्यच ते.

शनिवार, २१ जून
पहिलं वाक्य ‘जेवणं झाली का’ असं झालं. दुसरं राहून गेलं. तिनंच काठीचं विचारलं. म्हणालो, विचार चालू आहे, घाई करून चालत नाही. बरं दादा, म्हणाली. नंतर बॉसनं आम्हाला लोळवलं.
काठी पाठीलाच ठेवली आहे. काढून तरी कुणाला देणार? आणि दिसते ती फक्त माझ्या मोबाईलवर.

शनिवार, २८ जून
परत हरलो. लीडर म्हणून बोलणं भाग होतं. प्रतिक्षाला म्हणालो, हत्याराचं काही नसतं, हातात कसब पाहिजे. माझाच आवाज मला ऐकवेना, तरी बोलत राहिलो. ती म्हणाली, सॉरी दादा, परीक्षा झाली की प्रॅक्टिस वाढवते. शिवलिंगप्पानं माईक बंद केला. त्याला पटलं असणार.
रात्री भाकरी तशीच ठेवली. बायकोला ॲसिडिटी सांगितली.

गुरुवार, ३ जुलै
बायको खांद्यावरून बघून म्हणाली, तुमच्या माणसाच्या पाठीवर काय चमकतंय? सगळ्यांना दिसतं का ते? हसलो. हिला गेममधलं काय कळतंय! तरी खात्री असावी म्हणून तिच्या मोबाईलवर गेम टाकला आणि तिथून मला शोधून काढलं.
दिसतं. बोट ठेवलं की ‘मालक: अमृत’ असंही येतं.

शुक्रवार, ४ जुलै
शिवलिंगप्पाला फोन केला. पावसापाण्याचं बोलून हळूच काठीचं विचारलं. म्हणाला, व्हय, पहिल्या शनवारीच दिसली की, समद्यांना. तो भांडणार होता. प्रतिक्षानंच बजावलं म्हणे, दादांच्या हातून चुकून झालं असंल, कुणी बोलू नका, त्यांना लाज वाटंल. वर म्हणाला, काठी लावली की बाणाचा जोर निम्मा होतोय, म्हणून तर हरतोय आपण.
म्हणजे काठी पाठीला लावून मी तिला कसब शिकवत होतो, आणि ती समोर उभी राहून सॉरी म्हणत होती. शी! मेल्याहून मेल्यासारखं झालं. ऑफिसात दिवसभर मान वर केली नाही.
उद्या सगळ्यांसमोर माफी आणि राजीनामा. ठरलं म्हणजे ठरलं.

शनिवार, ५ जुलै, संध्याकाळी
अंगात कणकण आहे. ताप बघितला, नाही. पण कणकण आहे. ग्रुपवर ताप कळवला. माझ्या जागी शिवलिंगप्पाचा भाऊ मल्लप्पा जाईल, लूट प्रतिक्षा सांभाळेल. माफी काय, ठणठणीत असताना मागितलेली बरी.

रविवार, ६ जुलै
बॉस पडला. पहिल्याच झटक्यात. प्रतिक्षाच्या जुन्या काठीवर.
तिचा मेसेज आला. दादा, एक नंबर धनुष्य पडलंय, तुमच्याच कामाचं. मल्लप्पालाही हवं होतं, पण तुमच्यासाठी ठेवलंय. मी लावून बघितलं नाही. ताप उतरला की घ्या.
माफी लिहिली. लांबली, म्हणून पुसली. छोटी लिहिली, तीही पुसली.
धनुष्य घेतलं. अंगठा पाठवला.