देवाच्या डोळ्यांतला भंडारा

गणराजराव,

आधी ‘प्रिय’ लिहिलं होतं, मग खोडलं.

चाकणच्या बाजारात मोडीची भांडी विकणाऱ्या म्हाताऱ्याकडे खंडोबाचे दोन पितळी मुखवटे निघाले, तेव्हा थोरला साडू म्हणून आधी निवडायचा मान तुम्ही मला दिलात. मी नाकडोळे ठसठशीत असलेला उचलला. झिजका तुमच्या वाट्याला आला, म्हणून मनात हसलोसुद्धा.

मग माझा मुखवटा मी भोसरीला नेऊन पॉलिशच्या बफवर धरला. चौतीस वर्षं कारखान्याच्या टूलरूममध्ये काढलीत मी. जॉबवर डाग बघवत नाही. देव चकचकीत झाला, पण नाकाची धार गेली आणि डोळे सपाट झाले. आता तो नव्या नळासारखा दिसतो. तुम्ही मात्र तुमच्या मुखवट्याला हातही लावला नाहीत. आळशी माणूस! आणि रविवारी तुमच्या आकुर्डीच्या घरी ते संग्रहालयातले पाहुणे त्याच्यापुढे हात जोडून उभे! “किती पिढ्यांचा भंडारा डोळ्यांत बसलाय,” म्हणाले. मी मोबाईलवर माझ्या मुखवट्याचा फोटो दाखवला, तर विचारतात, “हा नवीन घेतला का?”

तुम्ही चहा सांगायला आत गेलात, तेवढ्यात मी ओल्या रुमालाने तुमच्या देवाचे डोळे पुसून घेतले. घरी येऊन रुमालावरचा तो भंडारा माझ्या देवाच्या डोळ्यांना लावला.

भंडारा ठरत नाही हो. धरून ठेवायला खाचच उरलेली नाही.

तुमचा थोरला साडू,
हिंदुराव