चित्राची खालची पट्टी

सर, काल महाडला तुमच्या घरी गेले होते. काकूंनी तुमची ट्रंक उघडली, ब्रश घेऊन जा म्हणाल्या, आणि ब्रशांखाली कॅलेंडरच्या कागदाची एक पट्टी निघाली. गवतावर निजलेलं बाळ, त्याच्या अंगातूनच उजेड फुटलेला.

पोलादपूरच्या शाळेत, चित्रकलेच्या वर्गात तुम्ही लावलेलं ते परदेशी चित्र मला अजून लख्ख दिसतं. निळ्या पदराची आई, काठीवर रेललेला म्हातारा, दोन धनगर, सगळे वाकलेले, सगळ्यांच्या हनुवट्या खालून उजळलेल्या. खाली मात्र चित्र सरळ कापलेलं. तुम्ही विचारता, "उजेड कुठून येतोय ते काढा." वर्गभर कागदांवर चुली पेटतात. उमरठला आमच्या आईचं तोंडही असंच उजळायचं, पण चुलीचा उजेड तांबडा, हलता. हा पांढरा आणि स्थिर. शिवाय चुलीपुढे हात कोण जोडतं? साऱ्यांच्या नजरा जिथे मिळत होत्या, तिथे मी बाळ काढलं.

तुम्ही माझा कागद टराटरा फाडलात. "दिसत नाही ते काढायचं नाही!" एरवी कधी आवाज न चढवणारे तुम्ही! पुढे शिकताना कळलं, ते येशूच्या जन्माचं चित्र. म्हणजे माझंच बरोबर होतं. मग तर मनात अढीच बसली. मीही चित्रकला शिकवू लागले आणि स्टाफरूममध्ये हा किस्सा रंगवून सांगायचे: आमच्या सरांना येशू कुठला नि चूल कुठली, कळायचं नाही. सगळे हसायचे, सर. मीही हसायचे.

"ह्यांनीच कापलं गो," काकू म्हणाल्या. "आमचा बाळ बारा दिसांचा होऊन गेला, त्याच आठवड्यात. चित्र शाळेचं, टाकता येईना, म्हणून तेवढंच कापलं. जाळवलं नाय त्यांच्यानं."

तुम्हाला मूल झालं होतं हेही आम्हाला ठाऊक नव्हतं. तुम्ही नजरेआड केलेलं बाळ मी तुमच्यापुढे काढून धरलं, आणि वर इतकी वर्षं तुमचंच हसं केलं. लाज वाटते, सर. धक्का तर अजून ओसरलेलाच नाही.

काकूंना यातलं काहीच बोलले नाही. तुम्ही गेलात तेव्हा परीक्षेची ड्यूटी आहे असा निरोप धाडून मी अंत्ययात्रेला आले नव्हते, ते त्यांच्या लक्षात होतं. "नोकरी म्हटली की माणूस अडकतंच," म्हणाल्या. त्या दिवशी शाळेला सुट्टी होती.