विहिरीजवळची हिरवी धोंड

१४ जून १९५७
आज शोध लागला. सडक अर्जुनीजवळचं हे आमचं गाव पिढ्यान् पिढ्या धान पिकवत बसलं. विहिरीजवळच्या धोंडीवरचा हिरवा डाग दिसायला एक मास्तरच लागला. हिरवं म्हणजे तांबं. कडेला निळी झाक. निळं म्हणजे कोबाल्ट. गोंदियाच्या रद्दीतून आणलेल्या भूगर्भाच्या पुस्तकात स्पष्ट आहे. पहिली चाळीस पानं नाहीत, पण प्रस्तावना मी कधीच वाचत नाही.

१५ जून, पहाटे
थिअरी लिहून ठेवतो. जमिनीत खोल खडक दाबला जातो, तापतो, की त्यातलं पाणी पिळून निघतं. ते गरम, खारट पाणी भेगांतून चढतं, वाटेतल्या खडकाचं रूपच पालटतं, तांबं-कोबाल्ट विरघळवून घेतं आणि भलतीकडेच नेऊन सोडतं. आमच्या बाबतीत, विहिरीजवळ.
बायकोला समजावलं. सुमित्रा म्हणाली, "विहिरीचं पानी तं थंडच हाय जी." सायन्सला घरातून सपोर्ट नाही.

१७ जून
धोंडीभोवती काट्यांचं कुंपण. भांडी-धुणं बंद, खनिज झिजतं. सुमित्राला गोठ्यामागची धोंड दिली. "तेथवरी पानी कोन नेईन?" राष्ट्रीय संपत्तीपुढे हा प्रश्न गौण.

२ जुलै
नागपूरच्या भूगर्भवाल्या साहेबांना तिसरं पत्र.
निर्णय: विहिरीला लागून असलेल्या आपल्या धानाच्या बांधीत, त्या खाचरात, यंदा रोवणी नाही. तिथे खाण. घरचा वर्षाचा तांदूळ त्याच एका बांधीतून येतो, असं सुमित्रा चारदा म्हणाली. एकदा म्हटलं असतं तरी ऐकू आलं असतं.
रोवणीसाठी तयार असलेले पऱ्हे, धानाची सगळी रोपं, शेजारच्या कवडूला देऊन टाकले. तो म्हणाला, "मास्तर, मंग वर्षभर तांबा शिजवून खासान का?" नेले मात्र लगेच.

११ जुलै
गोठ्यामागच्या धोंडीवरही हिरवं!! पावसात जुन्या धोंडीवरचं फिकट झालंय. अर्थ उघड आहे: खनिजाची शीर सरकली. तीन आठवड्यांत चाळीस पावलं. पुस्तक म्हणतं लाखो वर्षं लागतात. पुस्तक जुनं आहे.
सुमित्राला ओरडून सांगितलं. ती तिथेच पाण्याचा तांब्याचा हंडा, आमचा गुंड, घासत होती. मान वर केली नाही.

२४ जुलै
साहेब आले. निम्मं गाव मागे. दोन्ही धोंडी पाहिल्या, बोट घासलं, वास घेतला. मग मला सोडून सुमित्राला विचारलं, बाई, गुंड कशानं घासता?
"चिचेनं. आनखी कायनं घासतेत?"
आणि निळं?
"ते यायच्या धोतराची नीळ." यायच्या म्हणजे माझ्या.
साहेब म्हणाले, मास्तर, तुमची थिअरी अगदी बरोबर. पाणी तांबं विरघळवतं, वाहून नेतं, दगडावर सोडतं. फक्त तुमच्याकडचं पाणी चिंचेचं आहे. आणि खडकातलं कोबाल्ट उघड्यावर आलं की निळं नाही, गुलाबी दिसतं.
ते बहुधा पहिल्या चाळीस पानांत असावं.

२४ जुलै, संध्याकाळी
साहेब तरुण आहेत. अनुभव कमी पडतो.

२७ जुलै
सुमित्रा मला न विचारता कवडूकडे गेली. त्याची रोवणी आटोपली होती. उरलेले पऱ्हे द्यायला तयार झाला. अर्ध्या बांधीला पुरतील. अट एकच: मास्तरनं सोता चिखलात उतरावं.
विचार करून कळवतो म्हटलं. सुमित्रानं तिथेच होकार देऊन टाकला होता.

३१ जुलै
अर्धी बांधी रोवून झाली. अर्धी उघडीच. कवडूची बायको रुख्मा बांधावरून विचारत होती, "मास्तर, कोबाल्ट गुडघ्यावरी लागला का?" रोवणाऱ्या साऱ्या बाया हसल्या. सुमित्रा हसली नाही. त्याचंच जास्त वाटलं.
घरी आलो तर गोठ्यामागच्या धोंडीवर गुंड आणि चिंचेचा गोळा मांडून ठेवलेला. ती म्हणाली, "उरल्या अर्ध्या बांधीचा भात याच्यातून काढा आता."
घासला. चकचकीत निघाला. धोंडीवर हिरवं ओघळलं.
शोध म्हणून नोंद केली नाही.