लाईट मीच घालवली

माय,

तू गेलीस तेव्हा मी कॉलेजात होते, आणि पुढं काय करणार हे माझं मलाच ठाऊक नव्हतं. म्हणून आधी माझं काम सांगते. राज्यात वीज किती तयार होते आणि किती वापरली जाते, याचा मेळ घालणारी एक मोठी खोली आहे, आपल्यापासून लांब, शहरात. भिंतभर पडदे, समोर टेलिफोन. विजेचं असं असतं की लोक जेवढी ओढतात तेवढी त्याच क्षणाला तयार व्हावी लागते. मेळ बसला की पडद्यावरचा आकडा पन्नासाच्या आसपास थरथरत राहतो. वापर जास्त झाला की तो घसरायला लागतो, आणि फार घसरला तर एकामागून एक वीजकेंद्रं आपणहून बंद पडतात. पूर्वी सगळा भार कोळशावर होता. त्या केंद्रांची जड चक्रं एकदा फिरायला लागली की थोडाफार धक्का पोटात घालत. आता घाटमाथ्यावर पवनचक्क्यांच्या रांगाच रांगा उभ्या आहेत. त्यांची वीज स्वच्छ आहे, मला ती आवडते, आणि ती माझी झोपही खाते.

तुझी खळ्यावरची गोष्ट मी ऑफिसात कितीदा तरी सांगितली असेल. तू ज्वारी उफणायला उंच तिवईवर उभी आहेस, पदर तोंडाला बांधलेला, मी खालून भरलेली पाटी वर देतेय. मधेच वारं पडतं. तू भरली पाटी तशीच डोक्यावर धरून उभी राहतेस. मी कंटाळून म्हणते, "माय, वत ना, मला खेळाया जायचंय." तू वरूनच खेकसतेस, "गप ऱ्हा! वारं काय तुज्या बापाचा नोकर हाय? यील तवा यील." ऑफिसात सगळे हसायचे. पण ती गोष्ट सांगणं मी आता सोडून दिलंय, कारण ती आमच्या कामाला लागू पडत नाही. तुला थांबता येत होतं. इथं वाऱ्याची वाट बघत कुणी आपला पंखा बंद करत नाही, दवाखाना थांबत नाही, विहिरीवरची मोटार थांबत नाही.

उन्हाळ्याच्या शेवटाची दुपार होती. आपल्याकडं आभाळ कोरडं ठाक, ऊन नुसतं भाजून राहिलेलं. तिकडं घाटमाथ्यावर मात्र वळवाचं वादळ उठलं. वादळ येणार हे आम्हाला माहीत होतं, पण ते संध्याकाळी येईल असा अंदाज होता. वारा एवढा वाढला की पाती मोडू नयेत म्हणून चक्क्या आपणच थांबायला लागल्या. आधी एक रांग, मग शेजारची, मग सगळा डोंगर. पडद्यावरची रेघ कड्यावरून दगड पडावा तशी खाली आली. मी धरणाच्या वीजघराला फोन लावला, "सगळे संच सुरू करा." पण त्यांना फिरायला काही मिनिटं लागतात, आणि तेवढीसुद्धा माझ्या हातात नव्हती. तेवढ्या वेळापुरता वापर कमी करायचा, म्हणजे कुणाची तरी वीज तोडायची. त्या दिवशी ज्यांची पाळी होती त्यांत आपला भाग होता. माझ्या शेजारच्या साहेबांनी माझ्याकडं पाहिलं. मी फोन उचलला आणि सांगितलं, "बंद करा." आकडा थांबला, मग हळूहळू वर सरकला. धरणाची वीज आली तसा मी दुसरा फोन केला, "चालू करा." खोलीत कुणीतरी टाळ्यासुद्धा वाजवल्या.

त्याच वेळी तुझा धाकटा लेक विहिरीत लटकलेला होता. रानात हळद लावायच्या आधी त्यानं विहीर खोल करायला काढली होती. सुरुंग उडवून झाल्यावर खालचा खडक बघायला तो स्वतः उतरला, आणि दगड वर ओढायच्या विजेवरच्या यारीच्या टोपल्यात बसून वर येत होता. लाईट गेली, टोपलं मधेच अडकलं. भावजयीनं आरडाओरडा केला. शेजारच्या पडीक रानात मेंढरं चारणारे दोघं दोर घेऊन धावत आले. दोर खाली सोडला, यानं तो काखेत बांधला, एक पाय टोपल्याबाहेर टाकला, आणि लाईट आली. घाबरगुंडीत यारीचा खटका कुणी बंद केलाच नव्हता. टोपलं हिसका मारून वर निघालं, हा विहिरीच्या भिंतीवर आदळला. दोर होता म्हणून वाचला. खांदा निखळला, दोन बरगड्या मोडल्या.

मी वसमतच्या दवाखान्यात पोचले तेव्हा भावजय त्याच्या खाटेच्या पायथ्याशी बसलेली होती. ती उठली आणि मला पाणी दिलं. धाकट्यानंच सुरुवात केली.

"ताई, लाईट तूच घालवली म्हंत्यात. खरं हाय?"

"व्हय."

"काहून गं?"

मी सांगितलं, तिकडं वादळ होतं, चक्क्या बंद पडल्या. त्याला ते पटेना. "वारं सुटल्यावर तर त्या फिराया पाहिजेत."

"फार झालं की थांबतात. न्हाई तर मोडतात."

त्यानं मनाशी हिशोब मांडला. "म्हंजी तिकडं वारं जास्त झालं म्हणून माजी लाईट गेली. आन् आमच्या इथं पान हलून न्हाई राहिलं."

तेव्हा भावजय पहिल्यांदा बोलली, आवाज न चढवता. "ताई, तुमी न्हाई तर दुसऱ्या कुणी घालवलीच असती. ते मला समजतं. पण येवढ्या घाईनं आणली काहून?"

"लोकाइला तकलीफ होऊ नये म्हणून," मी म्हणाले. ती उठून सलाईनची नळी नीट करायला लागली.

माय, तिचा प्रश्न माझ्या डोक्यातून जात नाही. हुकूम चुकला नव्हता. साहेबांनी पुन्हा तपासला, मीही तपासला, आकड्यांत बोट ठेवायला जागा नाही. तरी 'चालू करा' म्हणण्याआधी मी आता एक घोट पाणी पिते. त्या घोटानं कुणाचं काही वाचत नाही हे मला कळतं. बाहेर कुठं कोण कशावर चढलंय, कशात उतरलंय, हे मला कधीच दिसणार नाही, आणि वाऱ्यावरची वीज तर दर वर्षी वाढतेच आहे, नव्या चक्क्या उभ्या राहतायत, त्या राहायलाच हव्यात असं मीच सगळ्यांना सांगत असते.

निघताना धाकट्यानं धडधाकट हातानं माझा हात धरला. "मी हिरीत हाय हे तुला ठावं असतं, तर?"

"तर न्हाई घालवली असती," मी म्हणाले.

त्याला बरं वाटलं. त्यानं डोळे मिटले आणि झोपला.

हे कागद मी फाडणार नाही, कुणाला दाखवणारही नाही. तू असतीस तर मला बाजूला घेऊन एवढंच विचारलं असतंस, लेकराशी खोटं बोललीस का?

व्हय, माय.