चाळीस पावलं उत्तरेला

मी, ऑलिव्ह टर्नक्विस्ट, वय एक्क्याऐंशी, हार्लनची विधवा, राहणार पॅक्सन, अलास्का, पूर्ण शुद्धीवर राहून, कुणाच्या धाकाशिवाय हे माझ्या हाताने लिहिते. शाळा गावातली, आठवीपर्यंत. वकिलाने नाक मुरडू नये.

घर आणि फोडून रचलेली लाकडं पुतण्या एमेटला. त्याने तो सुधारणार नाही, पण गारठणार तरी नाही.

शेजारी लॉइड प्रुएटला काही नाही. लोकांनी जीपीएसवर आकडे टाकून शोधावेत म्हणून त्याने खडीच्या रस्त्याला अकरा डबे लपवलेत. ज्याला सापडेल त्याने सही करायची म्हणून प्रत्येकात वही असते, तिथं मी सहीखाली "फारच सोपा" लिहिलंय. तेवढं त्याला पुरे.

हार्लनचा जीपीएस माझी मुलगी मार्नीला. आणि हेही.

मार्नी, तू बापाशी भांडून गेलीस. दोन वर्षांनी त्याने तुझ्यासाठी बंदुकीच्या गोळ्यांची रिकामी हिरवी पेटी, आत एक पाकीट आणि तशीच वही घालून, लपवली, एकोणसाठाव्या मैलाला, हिमनदीने टाकून दिलेल्या गोट्यांच्या बांधावर. जागेचे आकडे तुला पत्राने कळवले. तू येणार त्याच्या आदल्या दिवशी मी ती गुपचूप सरकवली. वाटलं, सापडली नाही की घरी येशील, "आई, कुठंय गं?" म्हणशील, नि मी म्हणेन, "आधी जेव, मग सांगते."

तू आलीच नाहीस. अँकरेजला परत जाऊन निरोप धाडलास, "सापडली नाही."

हार्लनचे गुडघे गेले होते, जाऊन बघणं त्याला जमणारं नव्हतं. "नीट शोधलीच नसेल गं तिनं," एवढंच म्हणाला. मी तोंड उघडलं नाही. फेब्रुवारीत तो गेला. त्याला पुरताना तू म्हणालीस, "त्यानं काही ठेवलंच नव्हतं. मला खेळवलं." तेव्हाही मी गप्प.

खेळवलं मी. त्याने नाही.

नऊ वर्षं, दर जूनला बर्फ गेला की पेटी पुसून येते. आतलं पाकीट फोडलेलं नाही, वर तुझं नाव आहे. आकड्यांपासून चाळीस पावलं उत्तरेला, केशरी दगडफुलाच्या धोंड्याखाली. पावलं माझी. तुझी तीसच होतील. वहीत पहिली ओळ त्याची आहे. दुसरी तुझ्यासाठी मोकळी. तिथं मीसुद्धा काही लिहिलेलं नाही.

साक्षीदार: एक, टपाल वाटणारी ग्रेटा व्होस. दोन, लॉइड प्रुएट. त्याला काही मिळत नाही, म्हणून चालतो.

सही करताना लॉइड म्हणाला, "बाई, हे तिला आत्ताच फोन करून सांग की!"

केला. उचलत नाही. मृत्युपत्र तरी उघडेल.

ऑलिव्ह टर्नक्विस्ट
पॅक्सन, ३ सप्टेंबर २०१९