रक्कम साभार पोचली

सोमवार, ३
आजपासून सासऱ्यांच्या आरशांच्या दुकानाचं बिलबुक माझ्याकडे. शनिवारी माझ्या हातून कपाटाचा आरसा फुटला आणि सासऱ्यांनी मला गोडाऊनमधून उचलून थेट टेबलावर बसवलं. याला म्हणतात गुणांची पारख. साडू अजून खाली काचा उचलतोय. सासरे महिनाअखेर गल्ल्याची खुर्ची सोडणार. दोन जावयांपैकी तिथे कोण बसणार, हे आता आंधळ्यालाही दिसेल.

मंगळवार, ४
जुनी बिलं वाचली. अंगावर काटा आला. 'अक्षरी बारा हजार फक्त.' गिऱ्हाईक घाम गाळून बारा हजार मोजणार आणि आपण म्हणणार, फक्त. हा अपमान आहे. उद्यापासून 'भरघोस'.

बुधवार, ५. दुपार
ट्रायल रूमला आरसा घ्यायला टेलरबाई आल्या. बिल वाचून म्हणाल्या, भरघोस आहे हे तुम्हालाही पटतंय तर. पाचशे कमी करून गेल्या. सासऱ्यांनी सुनावलं की पुढे कुणी काही घुसडू नये म्हणून 'फक्त' लिहितात. जुन्या वळणाचा माणूस. 'फक्त' परत आणला. तात्पुरता.

शनिवार, ८
'येणे बाकी' हे शब्द खटकतात. कुणाच्या दारात हात पसरून उभं राहिल्यासारखं वाटतं. अंघोळ करताना सुचलं. उधारीच्या बिलावर आधीच लिहून टाकायचं, 'रक्कम साभार पोचली'. खाली सही, शिक्का. एवढा विश्वास पाहून माणूस ओशाळेल आणि धावत पैसे आणून देईल. बायकोला सांगितलं. तिने विचारलं, नाही ओशाळला तर? माहेरचा संशयी स्वभाव, दुसरं काय.

सोमवार, १०
सलूनवाल्याने आठ आरसे उधारीवर नेले. बिल वाचलं आणि दोनदा हात मिळवला. डोळ्यांत पाणी होतं.

बुधवार, १९
सलूनवाला अजून ओशाळतोय. काहींना वेळ लागतो. दरम्यान त्याचा भाऊ आला, मग भावाचा जिमवाला मित्र. दोघांनाही बिल माझ्याच हातचं हवं होतं. साडू जळतोय.

शुक्रवार, २८
सासरे स्वतः वसुलीला गेले. सलूनवाल्याने माझं बिल फ्रेम करून भिंतीवर लावलंय. सही तुमच्या जावयाचीच ना, असं त्याने अदबीने विचारलं म्हणे. परत आल्यापासून सासरे गप्प आहेत. फार खूश असले की त्यांना शब्द सुचत नाहीत.

सोमवार, ३१. संध्याकाळ
पगाराचं पाकीट मिळालं. आत नोट नाही, चिठ्ठी. 'पगार साभार पोचला. अक्षरी भरघोस.' माझेच शब्द. शेवटी पटले म्हणायचे. खुर्चीवर साडू बसला. बिलबुक त्याच्याकडे, मी गोडाऊनमध्ये. आरसे उचलायचे नाहीत, फक्त पुसायचे.

घरी आलो, बायकोला चिठ्ठी दाखवली. तिने रिकामं ताट पुढे ठेवलं आणि म्हणाली, "जेवण साभार पोचलं. करा सही."

ओशाळलो. पण धावावंसं काही वाटलं नाही.

सही केली. शिक्का दुकानात राहिलाय.